न दिसलेलं केंद्रक

बाबा,

काल दुपारी मला केंद्रक दिसलं. तुम्ही असता तर एवढ्या एका वाक्यावर तुम्हाला सगळं कळलं असतं. पण तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि इतक्या वर्षांनी बोलायचं तर थोडं पहिल्यापासून सांगायला हवं. तुम्ही ज्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर अटेंडंट होता, त्याच कॉलेजात मी आता वनस्पतिशास्त्र शिकवते. वसईच्या वाड्यांमध्ये विहिरींच्या कठड्यावर जे मॉस येतं, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत शेवाळच म्हणालात, त्याचे बीजाणू रुजताना आतून कसे बदलतात, यावर गेली तीन वर्षं माझं काम चाललंय. बीजाणू म्हणजे बोंडातून उडणारी ती पूड. तिचा एकेक कण म्हणजे एकच पेशी, आणि तिचं कवच इतकं चिवट की तिचे पातळ काप घेताना दोन वर्षं नुसती फाटाफाट झाली. मुंबईच्या एका संस्थेतला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आम्हाला महिन्यातून एक दिवस मिळतो. काल तो दिवस होता, आणि काल काप नीट आले.

नुकत्याच भिजलेल्या बीजाणूत जागाच नसते, बाबा. तेलाचे थेंब नुसते ठासून भरलेले, हरितलवकं आक्रसलेली, सगळं घडी करून ठेवल्यासारखं. मग त्याला पाणी आणि उजेड मिळत राहिला की तिसऱ्या दिवशीच्या कापात तेल कमी झालेलं दिसतं, हरितलवकांच्या आतले पडदे चळतीसारखे रचलेले, त्यांत पिठुळ कण साठलेले. बाहेरचं कवच एका बाजूला तडकलेलं असतं, आतला पातळ थर त्या फटीतून फुगून बाहेर आलेला. आणि त्या फुगवट्याच्या दिशेला सरकून बसलेलं केंद्रक, गोल, स्वच्छ, त्याचा दुहेरी पडदासुद्धा मोजून घ्यावा असा. पुस्तकात आणि रंगवलेल्या स्लाइडच्या काचांवर केंद्रकं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. पण हे आपल्या विहिरीवरच्या मॉसचं, मी रुजवलेल्या, मी कापलेल्या बीजाणूचं. शेजारी बसलेला तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, सेव्ह करू ना?" मी मान हलवली. मला आपली परीक्षेची सकाळ आठवत होती.

मी त्या कॉलेजात प्रवेश घेतला त्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. आचोळ्याच्या आपल्या दीड खोल्यांत महत्त्वाचं बोलणं ओट्यापाशीच व्हायचं. आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही चहाचे कप विसळत होता. कपसुद्धा तुम्ही प्रयोगशाळेतल्या काचांसारखे कडेला धरून विसळायचात, मधे बोट लागू द्यायचं नाही. तुम्ही म्हणालात, "एक ध्यानात ठेव. कॉलेजच्या फाटकातून आत गेलीस की मी तुझा बाबा नाय. बाकीची पोरं म्हणतात तसं काका म्हणायचं." आई चिडली. "पोरीनं बापाला काका म्हणायचं? लोक काय म्हणतील?" तुम्ही कप पालथा घातलात. "परीक्षेच्या काचा मी लावतो गो. उद्या हिला चार मार्क जास्त पडले तर कोण काय म्हणेल, ते आधी बघ."

तेव्हापासून तुम्ही सायकलने जायचात आणि मी बसने. सर लोकांना ठाऊक होतं, ऑफिसात ठाऊक होतं, पण आपलं आडनाव इतकं सर्रास की बॅचमधल्या मुलामुलींना पत्ता लागला नाही. मी तीन वर्षं तुम्हाला काका म्हटलं. "काका, स्लाइड द्या." "काका, आयोडीन संपलंय." खरं सांगायचं तर मला ते फारसं जडही गेलं नाही. मैत्रिणींचे वडील बँकेत नाहीतर शाळेत होते, त्यामुळे तुमचा नियम मला सोयीचाच पडला. तुम्ही मात्र तो माझ्यावरही काटेकोर चालवायचात. दुसऱ्या वर्षी मी घाईघाईत मोठी लेन्स वरून खाली आणली आणि काच तडकवली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "ताई, वरून खाली नाय. आधी बाजूनं बघत लेन्स टेकवायची आणि मग डोळा लावून हळूहळू वर घ्यायची. काच गेली तर दुसरी येईल. लेन्स गेली तर वर्गाचं वर्ष जाईल." घरी आल्यावर त्यावर एक शब्द नाही. तुमच्या तोंडून मला 'ताई' ऐकू आलं, ते त्या भिंतींच्या आतच.

शेवटच्या वर्षी नवे विभागप्रमुख आले. माणूस वाईट नव्हता. आधीच्या कॉलेजात पेपरफुटीचं काहीतरी प्रकरण झालं होतं आणि त्यात त्यांना नाहक त्रास झाला होता, हे पुढे कळलं. त्यामुळे परीक्षेचं सगळं साहित्य कुलपात, हा त्यांचा हट्ट. आमच्या प्रॅक्टिकलला रुजलेले मॉसचे बीजाणू यायचे होते. हे अर्थातच आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही पावसाळ्यानंतर वाडीतून जमवून कागदाच्या पुड्यांत वाळवून ठेवलेली बोंडं फोडलीत, आगराच्या जेलीवर पूड पेरलीत आणि त्या काचेच्या बशा खिडकीत ठेवायला निघालात. सरांनी त्या लोखंडी कपाटात ठेवायला लावल्या. पुढचं मी नंतर तुमच्या तोंडून आणि थोडं सरांच्या तोंडून ऐकलं.

"सर, उजेड लागतो ह्यांना."

"काका, बी रुजायला काळोखच लागतो. मातीखाली कुठला उजेड?"

"बी निराळं, सर. हे वरच्या वरच रुजतं. दुसरा एक संच खिडकीत ठेवू का?"

"परीक्षेचं साहित्य कुलपाबाहेर राहणार नाही. नियम म्हणजे नियम. चावी माझ्याकडे द्या."

तुम्ही चावी दिलीत. आणि त्याच संध्याकाळी दुसरा संच पेरलात. घरी आणणं शक्य नव्हतं, घरात परीक्षेला बसणारी मुलगी. कॉलेजात ठेवणंही शक्य नव्हतं. मग ज्या वाडीतल्या विहिरीवरनं तुम्ही दरवर्षी मॉस आणायचात, तिथल्या मावशींच्या ओटीवर, मदर मेरीच्या तसबिरीखालच्या खिडकीत त्या बशा गेल्या. पुढचे आठ दिवस तुम्ही पहाटेचा चहाही न घेता तासभर आधी निघत होता आणि आई मला विचारत होती, "ह्यांचं काय चाललंय गं?" मला काय ठाऊक! मी उंबरठ्यावर बसून वर्गीकरणाची कोष्टकं घोकत होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सरांनी कपाट उघडलं. मी तिसऱ्या टेबलाशी उभी आहे, पांढरा कोट नव्याने कांजी केलेला, मानेला टोचतोय. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या, चष्मा पुसताहेत. सर एक बशी उजेडाकडे धरतात, मग दुसरी, मग तिसरी. जेली आहे तशी, वर तपकिरी पूड आहे तशी. हिरवा ठिपका नाही. वीस मुलं रांगेत आणि दाखवायला काही नाही.

"काका, हे काय आहे?" सरांचा आवाज चढला. "आठ दिवस होते तुमच्याकडे. एवढं साधं काम जमू नये? शिपायाच्या भरवशावर विभाग सोडला की हे असं होतं."

तुम्ही म्हणू शकला असता, मी सांगितलं होतं. म्हणायला हवं होतं. तुमच्या हातून अशी चूक होणार नाही, हे माझ्या तर अगदी ओठांवर आलं होतं, जरी मला तेव्हा काही माहीत नव्हतं. तुम्ही फक्त म्हणालात, "सर, अर्धा तास द्या."

"अर्ध्या तासात बीजाणू रुजणार आहेत?"

"रुजलेत, सर. घेऊन येतो."

आणि तुम्ही सायकलवर टांग टाकून गेलात.  तुम्ही परत आलात ते जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन, शर्ट पाठीला चिकटलेला. डबा टेबलावर ठेवलात, पण उघडला नाहीत. झाकणावर हात ठेवून परीक्षक बाईंना म्हणालात, "बाई, उघडायच्या आधी सांगतो. ह्या बॅचमध्ये माझी मुलगी आहे. ती तिसऱ्या टेबलावरची. ह्यातल्या बशा आमच्या घरी आलेल्या नाय. वाडीतल्या लोकांकडे ठेवल्या होत्या. पाहिजे तर त्यांना विचारून घ्या."

एकोणीस माना माझ्याकडे वळल्या. तीन वर्षं सांभाळलेला नियम तुम्ही स्वतः मोडलात, आणि तोही मला अडचणीत टाकून. मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते, बाबा. सर नवे, त्यांना हे ठाऊकच नव्हतं; ते तर हादरलेच. ते म्हणाले, "म्हणजे परीक्षेचं साहित्य परस्पर बाहेर ठेवलंत, आणि मुलगी परीक्षेला? मग हिला आधीच ठाऊक असणार काय येणार ते! हे मला वर कळवावं लागेल."

कळवणं म्हणजे तुमची नोकरी आणि माझं वर्ष, हे त्या खोलीत सगळ्यांना समजलं. परीक्षक बाईंनी मात्र आधी डबा उघडला. बशांमधल्या जेलीवर हिरवी साय धरली होती. त्यांनी बशी नाकाशी नेऊन पाहिली आणि तुम्हाला विचारलं, "उजेडात ठेवलंत?"

"होय."

"उजेड लागतो हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाय, बाई. विहिरीत बघितलं. कठड्यापासून खाली चार हातांपर्यंतच असतं हे. त्याच्या खाली दगड तसाच, ओल तशीच, उलट जास्तच. पण खाली नाय धरत. मग काय कमी पडतं? उजेडच ना."

बाईंनी बशी खाली ठेवली. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "मुलीला आधी ठाऊक होतं की नाही, ते कळवायच्या आधी तपासून बघू. हिची परीक्षा मी वेगळी घेते. तयार काच द्यायची नाही. हिनेच बशीतून उचलायचं, हिनेच काच करायची, माझ्यासमोर काढायचं."

मी सुईने हिरवी साय उचलली, काचेवर ठेवली आणि पाण्याचा थेंब टाकायचा तर ड्रॉपर दिसेना. मी मान न वळवता म्हटलं, "बाबा, ड्रॉपर." त्या प्रयोगशाळेत तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. कुणीतरी हसलं. तुम्ही चार पावलं येऊन ड्रॉपर माझ्या हातात दिलात आणि परत भिंतीशी जाऊन उभे राहिलात. मी लेन्स बाजूने बघत टेकवली, डोळा लावला आणि हळूहळू वर घेतली.

काय दिसलं ते मला आजही काढून दाखवता येईल. तडकलेलं तपकिरी कवच, तुकडा अजून चिकटलेला. त्यातून निघालेली एक हिरवी नळी, मधे एक आडवी भिंत, म्हणजे दोन पेशी झालेल्या. गोल गोल हरितलवकं काठाला दाटीने बसलेली. बीजाणूच्या पोटात चकाकणारे दोनतीन तेलबिंदू, आणि दुसऱ्या अंगाने निघालेला एक बिनरंगी बारीक धागा. मी काढत गेले, रेघा मारून नावं देत गेले. बाईंनी माझी वही बघितली, मग डोळा लावून बराच वेळ काच बघितली.

"केंद्रक कुठंय?" त्यांनी विचारलं.

"दिसत नाही, बाई."

"पेशी आहे म्हणजे केंद्रक असणारच. पुस्तकातल्या आकृतीत आहे की."

"असणार. हिरव्या दाण्यांच्या मागे कुठेतरी असेल. पण मला दिसलं नाही, म्हणून काढलं नाही."

सर म्हणाले, "एक मार्क जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे, सर." कुठून आलं ते माझ्या तोंडी, कुणास ठाऊक. एरवी मी सरांपुढे मान वर करणारी मुलगी नव्हते.

बाईंनी वही मिटली आणि सरांना अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हिला आधी कळलं असतं तर हिने पुस्तकातली आकृती पाठ केली असती, केंद्रकासकट. ही समोरचं बघून काढतेय. कळवण्यासारखं इथे काही नाही. कळवायचंच असेल तर पुढच्या वर्षीपासून बशा खिडकीत ठेवा, एवढं कळवा." मग त्या भिंतीपाशी आल्या आणि तुम्हाला नमस्कार केला. तुम्ही गडबडून हातातलं फडकं खांद्यावर टाकून हात जोडलेत.

त्या दिवशी तुम्ही सायकल हातात धरून माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आलात. रस्ताभर मी वाट बघत होते की तुम्ही शाबास म्हणाल. थांबा आला तेव्हा म्हणालात, "ड्रॉपर तुझ्या उजव्या हाताला, दोन बोटांवर होता गो." मग सायकलवर बसलात, दोन पायडल मारून थांबलात आणि मागे वळून म्हणालात, "मार्क गेला तर गेला." तुमचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही. आई सांगते, त्या रात्री जेवताना तुम्ही भात तीनदा मागून घेतलात.

सरांना मोठेपणा नव्हता असं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच खिडकीला जाळी बसवून घेतली आणि त्या खोलीची किल्ली तुमच्याकडे दिली. तुमच्या निरोपाच्या दिवशी ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मी वनस्पतिशास्त्र पुस्तकातून शिकलो. काका विहिरीत वाकून शिकले." टाळ्या पडल्या. तुम्ही मान खाली घालून शाल सारखी करत बसला होतात. मी तेव्हा एम.एस्सी. संपवून नोकरी शोधत होते, मागच्या रांगेत होते, आणि टाळ्या थांबल्या तरी माझ्या थांबेनात. त्यानंतर दोनच वर्षांत, साधा ताप म्हणता म्हणता, तुम्ही गेलात. वाडीतल्या मावशी आल्या होत्या. आईचा हात धरून त्यांनी मला सांगितलं, "बशांना मी पानी घालते म्हटलं, तर नको म्हनाले. जास्त झालं तर कुजेल म्हनाले. आठ दिवस रोज येऊन थेंब थेंब घातलं, आनि अंगनातल्या तुळशीसारखं जपलं." मावशी माउंट मेरीला जाणाऱ्या, पण बोलल्या तुळशीचं.

ती विहीर आता नाही. तिच्यावर सात मजले आलेत. मी मॉस आणते ते राजोडीच्या वाटेवरच्या एका वाडीतून, तिथला कठडा अजून ओला आहे. कठड्यापासून खाली चार हात, तिथंवरच असतं. मी टेप लावून मोजलं. माझ्या शोधनिबंधाचा मसुदा तयार आहे. बीजाणू आधी कोरडेच फिक्स केले, म्हणजे रसायनात घालून टिकवले, की कवच आत काही शिरू देत नाही. त्यांना काही तास पाण्यात, उजेडात बसू दिलं आणि मग हात लावला की काप येतात, ही त्यातली माझी भर. मोठ्या लोकांना ती बारीक वाटेल, पण ती कुणी मला शिकवली नव्हती, मी तीन वर्षं बघून शोधली. शेवटच्या आभारात इंग्रजीत एक ओळ आहे: हे बीजाणू प्रकाशातच रुजतात, हे मला पहिल्यांदा या विभागाचे प्रयोगशाळा अटेंडंट, माझे वडील, यांच्याकडून कळलं. सहलेखक म्हणाले, "फादर असं लिहायचं की नुसतं नाव?" मी म्हटलं, "अटेंडंट आणि फादर, दोन्ही. त्याच क्रमाने."

हे पत्र मी कुठे टाकणार आहे! वहीतच राहील. आज सुट्टी आहे, विभागात कुणी नाही, आणि मी टेबलांवरचे सूक्ष्मदर्शक पुसत बसले होते, तेव्हा एक गोष्ट मनात आली, ती सांगून थांबते. वीस टेबलांवरचे वीस सूक्ष्मदर्शक तुम्ही रोज सकाळी आमच्या आधी लावून ठेवायचात. म्हणजे आम्ही जे जे पाहिलं ते आमच्या आधी रोज तुम्ही पाहिलेलं असायचं, एकेका काचेत डोळा लावून. तीन वर्षांत, आणि त्यानंतरही, तुम्हाला त्यात काय दिसतं, कसं वाटतं, हे मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, तुम्ही नुसता फोकस लावता.